छत्री मिटायची नाही

मुलीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथे ते सुखात होतं. बाकी सगळे तिला बगळी म्हणत. लहानपणी तळ्याकाठी ती इतकी स्तब्ध उभी राहायची की एकदा खरोखरीचा बगळा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि दोघांत आधी कंटाळला तो बगळा. ही गोष्ट तिचा मामा सांगतो, त्यामुळे त्यातलं अर्धं सोडून द्यायला हरकत नाही. उरलेलं अर्धंही काही कमी नाही.

आता ती एकोणीस वर्षांची होती आणि गळाने मासे धरण्याच्या स्पर्धा खेळायची. अशा स्पर्धा असतात हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. सकाळी चिठ्ठ्या काढून काठावरच्या जागा वाटतात, शिट्टी वाजली की जो तो आपल्या जागी गळ टाकून बसतो, आणि धरलेले मासे पाण्यात सोडलेल्या लांबलचक जाळीत जिवंत ठेवतो. दुपारी शेवटची शिट्टी झाली की वजन होतं. ज्याच्या जाळीचं वजन जास्त तो जिंकला, आणि मासे परत पाण्यात. मासा घरी न्यायला मिळत नाही हे कळलं की ऐकणाऱ्याचा निम्मा रस तिथेच संपतो. बगळीचा रस तिथूनच सुरू व्हायचा.

ती चांगली खेळायची. देशाच्या तरुण संघाची निवड व्हायची होती, आणि त्या निवडीत नाव यायचं तर वर्षभर दर रविवारी कुठे ना कुठे खेळायला हवं होतं. खेळायचं म्हणजे प्रवेश फी आली, गाडीभाडं आलं, दोरे, गळ, आमिष, मोडलेल्या काठ्या आल्या. आतापर्यंत हे सगळं आईने उचललं होतं. आई दातांच्या कवळ्या बनवायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल होतं, त्यावर मान वाकवता येणारा दिवा, बारीक कानशी, गुलाबी मेणाचे तुकडे, आणि ओळखी ना पाळखीच्या लोकांचं हसू ओळीने मांडून ठेवलेलं. त्यातल्याच एका कानशीने बगळी आपले बोये घासायची. बोया म्हणजे दोरीवर तरंगणारा तो काडीएवढा रंगीत तुकडा. तो बुडाला की समजायचं, खाली कोणीतरी आहे.

"हे बघ," एका दाताची कड घासता घासता आई म्हणाली, "मी तुला खेळू नको म्हणत नाही. पण मला एकटीला आता झेपत नाही. हा हंगाम संपायच्या आत कोणी प्रायोजक मिळव. नाहीतर कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात गल्ल्यावर जागा आहे, मी विचारून ठेवलंय."

"रविवारी सुट्टी असते?"

"रविवारीच तर गर्दी असते."

म्हणजे विषय संपला. रविवार गेला की स्पर्धा गेल्या, आणि स्पर्धा गेल्या की संघ गेला. बगळीला हे सगळं छातीत लागलं, पण ती काही बोलली नाही. तशी ती कधीच बोलायची नाही. पाण्याकाठी तोंड मिटून बसायची सवय तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती घरीही सुटत नसे. बूट चावत असला तरी झिजेपर्यंत घालायची, कारण दुकानदाराने "बसतोय ना?" विचारलं तेव्हा तिने मान हलवलेली असायची.

प्रायोजक शोधायचं काम मामाने स्वतःहून अंगावर घेतलं. मामा सोफे विकायचा. आपण तोंड उघडलं की समोरचा गार, अशी त्याची पक्की समजूत होती, आणि सोफ्यांच्या बाबतीत ती खरीही होती, कारण ऐकून ऐकून थकलेलं गिऱ्हाईक शेवटी सोफ्यावर बसायचंच. कोटबिट घालून तो बगळीला व्यायामशाळेत घेऊन गेला, टायरच्या दुकानात घेऊन गेला, सरबताच्या कंपनीत घेऊन गेला. सगळीकडे एकच प्रश्न यायचा. बघायला किती लोक येतात?

"हजारो," मामा बेधडक सांगायचा.

"मग आम्ही कधी ऐकलं कसं नाही?" व्यायामशाळेच्या मालकाने विचारलं.

"तेच तर. लोक इतके रंगून जातात की आवाजच करत नाहीत."

टायरवाला भला माणूस. तो खरोखरच एका रविवारी हजारो लोक बघायला आला. त्याला पाण्याकडे तोंड करून बसलेल्या काही पाठी दिसल्या आणि एक झोपलेलं कुत्रं. त्याने मामाचा फोन घ्यायचं बंद केलं.

छत्रीच्या कारखान्यात जायची कल्पना मात्र बगळीची. रविवारभर उन्हात बसून तिच्या नाकाची सालं निघाली होती, त्यामुळे छत्री हा विषय तिला सुचायला फार डोकं लागलं नाही. मामाने लगेच वेळ ठरवली, पण नेमका आदल्या दिवशी त्याच्या दुकानात मोठा सेल लागला. दिवसभर ओरडून त्याचा घसा असा बसला की सकाळी त्याच्या तोंडातून फक्त वारा येत होता. तरीही तो कोट घालून आलाच.

कारखाना म्हणजे एक लांबट हॉल होता. छताला अर्धवट उघडलेल्या छत्र्या टांगलेल्या, भिंतीशी लोखंडी काड्यांच्या जुड्या, मधे शिलाई मशिनांची ओळ, आणि सगळीकडे नव्या कापडाचा वास. मालकीणबाई पन्नाशीच्या होत्या. केसात पेन्सिल खोचलेली, गळ्यात मोजपट्टी. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं आणि काठी, बोया, जाळी, वजन सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यांनीही तोच प्रश्न विचारला.

"बघायला किती लोक येतात?"

मामाने दोन्ही हातांची सगळी बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली, आणि अजून पुढेही आहेत अशा अर्थाने खिडकीबाहेर हात केला.

"कोणी येत नाही," बगळी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे खेळणारे असतात. त्यातल्या कोणाची आई येते, कोणाचा नवरा. ते पण डबा देऊन जातात."

मामाने डोळे मिटले. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "यांना काय होतंय?"

"घसा बसलाय."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "मग तुझ्यावर खर्च करून मला काय मिळणार, तेही सांगून टाक."

बगळीने खरोखर विचार केला. ती विचार करते तेव्हा हलत नाही, त्यामुळे बाईंना क्षणभर वाटलं, ही झोपली. मग ती म्हणाली, "भर उन्हात, वाऱ्यात पाच तास बसावं लागतं. तुमची छत्री कशी आहे ते तुम्हाला कळेल."

बाई हसल्या, आणि चांगल्या मोकळ्या हसल्या. धंद्यात इतकी वर्षं काढून त्यांनी फुगवलेले आकडे भरपूर ऐकले होते, शून्य पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी जागेवरच ठरवलं. खास बगळीसाठी मोठी छत्री बनवायची, पुढच्या स्पर्धेला ती लावायची, आणि बाई स्वतः बघायला येणार. मनासारखं झालं तर वर्षभराचा सगळा खर्च कारखान्याचा.

"अट एकच. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत छत्री मिटायची नाही. आमचं नाव दिसलं पाहिजे."

बगळीने मान हलवली. खाली रस्त्यावर आल्यावर मामाने तिला आवाजाशिवाय इतकी मोठी शाबासकी दिली की सायकलवाला एक माणूस वळून बघायला लागला.

आठवड्याने छत्री तयार झाली म्हणून निरोप आला. बगळी गेली तेव्हा मशिनं थांबलेली होती आणि सगळे कारागीर गोल करून उभे होते. बाईंनी कळ दाबली. छत्री उघडली तसा सगळा हॉल उजळला. पिवळीधमक, चकचकीत कापडाची, एखाद्या खोलीएवढी ऐसपैस, आणि कडेने कारखान्याचं नाव चंदेरी अक्षरांत. प्रत्येक टाका जीव लावून घातलेला. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला ती तीन गल्ल्या पलीकडून दिसली असती.

माशांनाही दिसली असती, हे त्या हॉलमध्ये फक्त बगळीला माहीत होतं. गळ टाकणारे लोक चिखलाच्या रंगाचे सदरे का घालतात, घड्याळ खिशात का ठेवतात, टोपीवरचं पितळी बटण का काढून टाकतात, हे छत्री बनवणाऱ्यांना कसं ठाऊक असणार? त्यांचा सगळा जन्म छत्री माणसांच्या नजरेत भरावी म्हणून गेलेला.

"कशी आहे?" बाईंनी विचारलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"छान आहे," बगळी म्हणाली. इथे तिचा कान धरावासा वाटतो, पण उपयोग नाही. तिची मान हलून गेली होती.

स्पर्धेच्या दिवशी चिठ्ठीत तिला वेताच्या झुडपाशेजारची जागा आली. चांगली जागा. ऊन समोरून होतं, त्यामुळे छत्रीची सावली मागे गवतावर पडत होती आणि सकाळ बरी गेली. शेजारच्या जागेवर गेल्या वर्षीचा विजेता होता, पेशाने नळ दुरुस्त करणारा, म्हणून सगळे त्याला नळवाला म्हणायचे. त्याने छत्रीकडे एकदा पाहिलं आणि आपलं स्टूल आणखी लांब सरकवलं.

"सर्कस आहे का गं आज?" एवढंच त्याने विचारलं.

बगळीने दूरवर गळ टाकून छोटे मासे जमवायला सुरुवात केली. पण तिचा खरा भरवसा काठालगतच्या जागेवर होता. झुडपाच्या मुळाशी, हात लांब केला तर पोहोचेल इतक्या जवळ, ती सकाळपासून अधूनमधून मक्याचे चार दाणे टाकत होती. तिथे गळ टाकायचा नाही, बघायचंही नाही, फक्त दाणे टाकायचे. काठ शांत आहे आणि खायला मिळतंय अशी मोठ्या माशांची खात्री पटायला अर्धा दिवस जातो. मग शेवटच्या तासात तिथे गळ सोडायचा. हा तिचा नेहमीचा डाव, आणि यात ती कधी घाई करायची नाही.

मालकीणबाई वेळेवर आल्या. पाठीमागे हात बांधून त्या काठाने सावकाश फिरल्या. कोणी बांबूला फाटकी चादर बांधून बसलं होतं, कोणी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, कोणी मोडक्या छत्रीला दोरीने आवळून. बाईंनी सगळं पाहिलं आणि झाडाखाली मामाशेजारी जाऊन बसल्या. मामाचा घसा आता सुटला होता, पण स्पर्धेत काठावर मोठ्याने बोलायला बंदी, म्हणून तो बिचारा सँडविच खात होता.

शेवटच्या तासात डाव जुळून आला. झुडपाच्या मुळाशी चिखल ढवळला गेला, मग एक जाडजूड शेपटी दिसली, मग दुसरी. बगळीने काठी बदलली. पण आता ऊन फिरून तिच्या पाठीवर आलं होतं. छत्रीची सावली बरोबर त्या जागेवर जाऊन पडली, वाऱ्याने कापड फडफडलं, आणि चंदेरी अक्षरांचे कवडसे पाण्यावर नाचायला लागले. पाणी एकदम फुटलं आणि मासे गेले.

तिने पुन्हा दाणे टाकले. मासे आले, कवडसे नाचले, मासे गेले. छत्री सरकवायला जागा नव्हती, एका बाजूला झुडूप, दुसऱ्या बाजूला हद्दीची खूण. तिने मागे वळून पाहिलं. बाई झाडाखालून तिच्याकडेच बघत होत्या.

छत्री मिटली तर प्रायोजक गेला आणि रविवारी गल्ला. नाही मिटली तर हे मासे गेले, स्पर्धा गेली, आणि वर्षभर दर रविवारी हेच. बगळीच्या डोळ्यांत पाणी आलं. रडण्यापेक्षा राग जास्त होता, आणि तो बाईंचा नव्हता, छत्रीचाही नव्हता. कारखान्यात एक वाक्य बोलली असती तर आज ही वेळ आली नसती, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

ती उठली आणि तिने छत्री मिटली.

झाडाखाली मामा ताडकन उभा राहिला. तोंड उघडायची बंदी, म्हणून तो सँडविच डोक्यावर धरून छत्री उघडल्याचा अभिनय करायला लागला. बगळीने त्याच्याकडे पाठ केली. रणरणत्या उन्हात ती बसली आणि हलायची थांबली. नाकावरून घाम ओघळला तरी पुसला नाही. बऱ्याच वेळाने चिखल पुन्हा ढवळला. बोया किंचित थरथरला, आडवा झाला आणि सुळकन खाली गेला.

पहिल्या माशाने तिला झुडपापर्यंत ओढत नेलं. कार्प होता, पोत्यासारखा जड. दुसरा त्याच्याहून मोठा. तिसरा गळाला होता तोवर शिट्टी झाली, आणि नियमाप्रमाणे जाळीत न गेलेला मासा धरत नाहीत. नळवाला पहिला आला, बगळी दुसरी. त्याने जवळ येऊन तिच्या लाल झालेल्या मानेकडे पाहिलं आणि स्वतःची पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

बगळी मिटलेली छत्री घेऊन सरळ झाडाकडे गेली. मामा काहीतरी सारवासारव करायला पुढे झाला होता, त्याला तिने हाताने थांबवलं.

"मी अट मोडली," ती बाईंना म्हणाली. "छत्री फार सुंदर आहे. पण मासे वर बघतात. ती चमकते, फडफडते, आणि ते पळून जातात. हे मला तुम्ही दाखवलीत तेव्हाच कळलं होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सगळे इतके खूश होते. मला बोलवेना."

तिच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब भाषण. बाईंनी ऐकून घेतलं, तिच्या हातातून छत्री घेतली, "बरं," म्हणाल्या, आणि गाडीत बसून निघून गेल्या.

"संपलं," मामा म्हणाला. एका शब्दात त्याने काही सांगितल्याची ही पहिलीच वेळ.

आठवडा गेला. कारखान्याकडून काही निरोप नाही. आईने बगळीच्या मानेला मलम लावलं आणि सुपरमार्केटातून लाल एप्रन आणून दारामागच्या खुंटीला अडकवला. रविवारपासून यायला सांगितलं होतं. बगळी येता-जाता त्या एप्रनकडे बघायची नाही, आणि बघत नाही हे आईला दिसायचं.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात मालकीणबाई, हातात कापडात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी. मामा सोफ्यावर होता, तो अदबीने उभा राहिला. आईने टेबलावरच्या कवळ्या घाईघाईने रुमालाखाली झाकल्या.

"राहू द्या हो, हसताहेत बिचाऱ्या," बाई म्हणाल्या. "तो दिवा तेवढा बाजूला घ्या."

त्यांनी खोलीच्या मधोमध छत्री उघडली. रंग शेवाळ, चिखल आणि वाळकी पानं एकत्र कालवल्यासारखा. कापड मंद, चमक औषधालाही नाही, आणि कडा अशी ताणून शिवलेली की फडफडायची बिशाद नाही. मामाने भोवती एक फेरी मारली.

"यावर नाव कुठेय?"

"खाली या. सगळेच या."

चौघंही छत्रीखाली वाकून उभे राहिले. आतल्या बाजूला, बसणाऱ्याच्या डोक्यावर येईल असं, पांढऱ्या दोऱ्याने कारखान्याचं नाव भरलेलं होतं.

"पण हे दिसणार कोणाला?" मामा कळवळून म्हणाला.

"जो खाली बसेल त्याला. आणि छत्री विकत घेणारा तोच." बाई बगळीकडे वळल्या. "तू म्हणालीस बघायला कोणी येत नाही. ते खरं निघालं. पण बसायला केवढे लोक येतात, ते नाही सांगितलंस. सगळा काठ फाटक्या चादरींखाली. तुझ्या माशांचं वजन चाललं होतं तेव्हा ते तुमचे नळवाले मला खुणेने बाजूला घेऊन म्हणाले, बाई, कापड झकास आहे, रंग आमच्या कामाचा असता तर दोन घेतल्या असत्या. अख्ख्या काठावर मला आपणहून बोलणारा एकच माणूस भेटला, आणि ती तू नव्हतीस."

बगळीने मान खाली घातली.

"वर्षभराचं मी बघते," बाई म्हणाल्या. "पण अट आहे."

"मिटायची नाही?"

"मीट, उघड, पाण्यात बुडव. पण जे खुपेल ते मला सांगायचं. त्याच दिवशी, तोंडाने. आता सांग, कशी आहे?"

"छान—" बगळी म्हणाली, आणि थांबली.

तिने वर पाहिलं. नावावरून नजर काड्यांवर गेली, काड्यांवरून खाली आली. बाईंचा चेहरा जवळच होता, त्यावर आठवडाभराचं जागरण दिसत होतं.

"दांडा चमकतोय," ती म्हणाली. "उन्हात आरसा होईल."

मामाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी मात्र केसातली पेन्सिल काढली आणि दांड्यावर एक ठसठशीत फुली मारली.

"काळा करते. अजून?"

"टोक चिखलात नीट रुतणार नाही. जरा लांब हवं." आता तिला थांबवणं अवघड होतं. "आणि आतलं नाव आणखी मोठं चालेल. माशांना ते दिसत नाही."

बाई हसल्या, आणि त्या हसल्या म्हणून आईही हसली. मग ती छत्रीखालून बाहेर पडली, दारामागचा लाल एप्रन काढला, नीट घडी केली आणि पिशवीत घातला.

"उद्या तळ्यावर जाशीलच," ती बगळीला म्हणाली. "जाता जाता हा दुकानात परत दे. आणि का देतेस ते तूच सांग."